पलीकडचा बांध

फोन ठेवला तरी मार्लिसचा हात त्याच्यावरून निघेना... बांधावर वाळूची पोती भरणाऱ्या पोरांसाठी तिच्या स्वयंपाकघरात सकाळपासून सँडविच बनत होती, शेजारीण डोलोरेस पावाला मोहरीचा लेप लावत होती, आणि खिडकीबाहेर, परसाच्या टोकाला, गावाचा मातीचा बांध उभा होता. त्याच्या पल्याड मिसिसिपी नदी तिच्या खिडकीहून उंच चढली होती.

फोन फिलिसचा होता. मार्लिसच्या धाकट्या भावाची, वेंडेलची बायको. नदीपलीकडे मिझूरीच्या सखल काठावर त्यांचं शेत होतं, आणि कित्येक वर्षांत त्या घरातून हाक आली नव्हती. फिलिसनं काही मागितलं नाही, की ती रडलीही नाही. एवढंच म्हणाली, की वेंडेल बांधावरून खाली यायला तयार नाही. वाळू आहे, पोती आहेत, पण हात नाहीत. जवान, शाळेची पोरं, तुरुंगातले कैदी, सगळे सरकारनं मार्लिसच्या गावाला, केलर्स लँडिंगला पाठवले होते.

का नाही पाठवणार? गावात माणसं असतात, माणसांना मतं असतात. पलीकडे नुसता मका उभा, आणि मका काही मत देत नाही!

या नदीकाठी एक गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते आणि कुणी ती तोंडानं बोलत नाही: एका काठचा बांध फुटला की पाणी तिकडे पसरतं, इकडची पातळी उतरते, आणि हा काठ वाचतो. म्हणून पुराच्या दिवसांत चर्चमध्ये ‘देवा, आमचा बांध टिकू दे’ म्हणणारा प्रत्येक जण पलीकडच्याचं वाटोळं मागत असतो... डोळे मिटून, अगदी सभ्यपणे.

मागच्या पुरात देवानं गावाचं ऐकलं होतं. वेंडेलचा बांध फुटला, उभं पीक, गोठा, आजोबांनी लावलेली अक्रोडाची झाडं, सगळं नदीनं नेलं. आणि इकडे चर्चच्या तळघरात गाव वाचल्याचं जेवण झालं. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला वेंडेल पूल ओलांडून बहिणीला शोधत आला, तो दारातच थबकला. मार्लिस चेरी भरलेला गोड ‘पाय’ कापून वाढत होती. कुणीतरी सुरी हातात दिली म्हणून ती कापत होती, नाही म्हणायचं सुचलं नव्हतं म्हणून कापत होती, पण हे त्याला कोण सांगणार?

“कसं लागतंय गं माझं शेत? गोड आहे ना?” एवढं बोलून तो निघून गेला होता.

तो वेंडेल, ज्याला आई गेल्यावर तिनं अंगाखांद्यावर वाढवलं! त्याच्यासाठी शाळा सोडली, त्याच्यासाठी मागणी घालायला आलेल्या भल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं, आणि त्याचं लग्न होऊन तो पलीकडे गेला त्या दिवशी घरातला त्याचा रिकामा कोपरा झाडताना ती ढसाढसा रडली होती. त्या तळघरातल्या वाक्यानं तिचं सगळं आयुष्य एका क्षणात मातीमोल झालं... आणि तिनं ते निमूट सोसलं, कारण त्याचं म्हणणं खोटं होतं असं तिला स्वतःच्या मनालाही सांगता येईना.

मार्लिसनं एप्रन सोडला. डोलोरेसनं वर न पाहताच विचारलं, कुठे. मार्लिसनं सांगितलं.

“शहाणी आहेस की वेडी?” डोलोरेस म्हणाली. “आपला बांध गेला तर पहिलं घर तुझं जाईल. आणि तू तिकडचा बांध उंच करायला चाललीस? लोक काय म्हणतील ते सोड, मी काय म्हणू?”

मार्लिसनं गाडीची किल्ली उचलली. खरंच, काय म्हणावं? कुठल्याही काठावर उभी राहिली तरी ती कुणाचा तरी गळा दाबणारच होती. फक्त एका काठावर तिनं वाढवलेलं पोर होतं.

पुलावरचा पोलीस अडवू लागला. पलीकडचा रस्ता आता बुडेलच, गेलीस तर परत येता यायचं नाही, असं तो दोनदा बजावत होता. तिनं मान हलवली आणि गाडी पुढे काढली.

बांधावर मोजकेच शेजारी पोती रचत होते, आणि खाली वाळूच्या ढिगापाशी वेंडेल एकटाच फावडं मारत होता. पाठ वाकलेली, दाढी पांढरी... कधी पिकलं हे पोर? त्यानं तिला पाहिलं, आणि पुन्हा वाळूत फावडं खुपसलं. तिनं एक रिकामं पोतं उचललं आणि दोन्ही हातांनी तोंड उघडून त्याच्यासमोर धरलं.

“तुझ्या गावातली पोती संपली वाटतं?”

“नाही. तिथं धरणारे पुष्कळ आहेत.”

त्यानं वाळू टाकली. मग दुसरं पोतं, मग तिसरं... दुपारभर दोघं पोती भरत राहिली, आणि तिची बोटं सोलवटून रक्त आलं तेव्हा त्यानं आपले हातमोजे काढले, तिच्या हातात चढवले, आणि लहानपणी ती त्याच्या बुटाची नाडी ओढून पाहायची तसे ओढून पाहिले. पाणी वरच्या पोत्यांच्या काठाला टेकलं होतं. आणखी वीतभर, की सगळं संपणार होतं.

आणि मग पाणी थांबलं. थांबलं, आणि उतरू लागलं. पोत्यांवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कापडावर ओली रेघ मागे ठेवून ते बोटभर खाली गेलं, मग चार बोटं. बांधावरच्या शेजाऱ्यांनी टोप्या उडवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या, फिलिस तिथंच मटकन बसून हसत-रडत राहिली.

मार्लिस मात्र पलीकडे पाहत होती. पाण्यावरून भोंग्याचा आवाज येत होता. केलर्स लँडिंगचा भोंगा, बांध फुटल्याचा.

वेंडेलला कळलं. तो वळून शेजाऱ्यांवर खेकसला, तोंडं बंद करा म्हणून.

“ओरडू दे त्यांना,” मार्लिस म्हणाली. “तुझं गेलं तेव्हा आम्हीही ओरडलो होतो. मीसुद्धा.”

फावडं गळून पडलं. तो एवढा मोठा माणूस चिखलात गुडघ्यांवर बसला आणि तिच्या ओल्या स्कर्टमध्ये तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. मी नको ते बोललो, मार्लिस, त्या दिवशी नको ते बोललो, हेच पुन्हा पुन्हा. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तिचं अंतःकरण तळमळलं ते आज मिळालं होतं, आणि त्याच घटकेला तिच्या घरात नदी शिरत होती. डोलोरेस कुठे असेल? तिथली सगळी पोरं?... होडी काढतो, तो म्हणाला, पण प्रवाहात अख्खी झाडं वाहत होती आणि दोघांनाही ते दिसत होतं.

तिनं वाकून एक रिकामं पोतं उचललं आणि तोंड उघडून धरलं.

“आता गरज नाही गं,” तो म्हणाला. “पाणी उतरलं.”

“ठाऊक आहे मला. नुसतं बघत बसवत नाही. तू भर.”

डोळे पुसून त्यानं फावडं उचललं.