शिकणारा रिमोट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला कामावर घाई करून चालत नाही, म्हणून हा घरी आला की घाईची सगळी हौस फेडून घ्यायचा. स्ट्रीमिंग बॉक्स घ्यायचा ठरल्यापासून तर त्याला दुसरं काही सुचेना. जेवताना बॉक्स, झोपताना बॉक्स. एक बॉक्स फार जाहिराती दाखवतो, दुसरा चालू व्हायला इतका वेळ लावतो की तोवर माणसाची बघायची इच्छाच मरते, तिसरा टीव्हीमागे ठेवला की रिमोटला जुमानत नाही. त्याची बायको शाळेत भूगोल शिकवायची. पेपर तपासता तपासता ती म्हणाली, "आपलं लग्न ठरलं तेव्हा तू माझी एवढी चौकशी केली नव्हतीस."

"करून काय उपयोग? तेव्हा परत करायची सोय नव्हती."

गंमत बाजूला, बॉक्स हवा होता तो त्याच्या बाबांसाठी. बाबांनी जन्मभर बंदरावर क्रेन चालवली. उंचावरच्या केबिनमध्ये बसून खालची पेटी बोटभर जागेत नेमकी उतरवायचे. आता त्यांच्या डोळ्यांत मधोमध एक राखाडी डाग होता. कडेचं तेवढं दिसे, समोरचं नाही. कुणाचा चेहरा बघायचा तर मान तिरकी करून बघावं लागे, आणि तरीही चेहरा हाती लागत नसे. हळूहळू त्यांनी हॉलमध्ये येणंच सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, विचारलं तर "बरा आहे" म्हणायचे. बाबा पुन्हा हॉलमधल्या खुर्चीत बसलेले बघायचे, एवढंच मुलाला हवं होतं.

शेवटी निवडलेला बॉक्स पडद्यावरची नावं मोठ्यानं वाचून दाखवायचा. ज्या दिवशी तो आला त्या दिवशी मुलाला आकाश ठेंगणं झालं. त्यानं वायरी जोडल्या, बाबांना हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं आणि रिमोट त्यांच्या हातात दिला.

बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला. वर गुळगुळीत, खाली गुळगुळीत. "हा रिमोट आहे की साबणाची वडी?" ते म्हणाले, आणि भिंत धरत धरत परत आपल्या खोलीत गेले.

घोडं रिमोटपाशी अडलं. मग रिमोटचा शोध सुरू झाला, आणि तो बॉक्सच्या शोधाहून मोठा निघाला. बायको म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड होतोय." पण तिलाही आतून उत्सुकता होतीच. जुने रेडिओ दुरुस्त करणारी एक बाई तिनंच त्याला सांगितली.

जिना उतरून जावं लागेल असं ते दुकान होतं. बाईनं खोक्यात कोपरापर्यंत हात घालून एक जाडजूड काळा रिमोट बाहेर काढला. त्यावर नाव नव्हतं. बटणं रबराची, प्रत्येकाचा आकार वेगळा, एक चौकोनी, एक खाचेचं, एक उंचवट्याचं. त्यानं डोळे मिटून अंगठा फिरवला आणि त्याला बाबांचा अंगठा आठवला.

"हा शिकतो," बाई म्हणाली. "दोन्ही रिमोट डोक्याला डोकं लावून धरायचे. आधी यातलं बटण दाबायचं, मग त्यातलं. दिवा दोनदा लुकलुकला की समजायचं, शिकला."

"आणि चुकीचं शिकला तर?"

"मग तसाच राहतो. पुसायची सोय यात नाही."

घरी येऊन त्यानं एकेक बटण शिकवलं. नवरा-बायको दोघं टेबलावर वाकून बसले होते आणि दिवा लुकलुकला की लहान मुलांसारखे एकमेकांकडे बघून हसत होते. शेवटी तळाशी एक गोल बटण उरलं. त्याला शिकवायला साबणाच्या वडीवर काही शिल्लकच नव्हतं. पण मुलाच्या हातून ते दाबलं गेलं होतं आणि दिवा काही केल्या विझेना.

लिफ्टच्या दाराचा सेन्सर बिघडला की आधी वाकून त्याच्या काचेत डोळा घालून बघायचं, ही त्याची जुनी सवय. साहेबांनी कैकदा टोकलं होतं. त्यानं रिमोट उचलला आणि धूळबीळ आहे का म्हणून पुढच्या काळ्या काचेला आधी एक डोळा लावला, मग दुसरा. आत काहीच नव्हतं.

दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

"आता काय शिकला हा?" बायकोनं विचारलं.

"देव जाणे," तो हसत म्हणाला.

संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले. अंगठ्यानं खाच शोधली, उंचवटा शोधला आणि पहिल्याच झटक्यात आवाज वाढवून दाखवला. मुलाचा जीव भांड्यात पडला. तो शेजारी सोफ्यावर बसून पडद्याकडे बघत होता. कुठल्यातरी बर्फाच्या प्रदेशाची फिल्म चालू होती. बाबांचा अंगठा खाली सरकत तळाच्या गोल बटणावर थांबला.

"अरे," बाबा म्हणाले. "कुत्री आहेत की ही."

पडद्यावर बर्फातून कुत्री धावत होती.

"पाच... नाही, सहा. पुढच्याचा कान फाटलाय." बाबांची मान सरळ होती. "अंगठा ठेवला की दिसतं. उचलला की जातं. हे बघ, दिसलं. हे बघ, गेलं."

बायको रडायलाच लागली. मुलगा उठून दोनदा सोफ्याभोवती फिरला, त्याला बसवेना. आनंदात त्याच्या एवढंच लक्षात आलं की आपल्यालाच पडदा जरा मधोमध पुसट दिसतोय. डोळ्यांत पाणी आलं असेल, त्याला वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं व्हायला नको खरं, पण मेंदू कधी कधी रिकामी जागा आपली आपण भरून काढतो. त्यांना आनंद होतोय ना, मग होऊ द्या. मुलानं स्वतःचेही डोळे दाखवले. ते उत्तम होते. झोप घ्या, त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस घरात सणासारखे गेले. बाबा बडबडायला लागले. दाढी करायला लागले. "बटण लाव" एवढंच म्हणायचे आणि स्वतःच लावायचे. मुलगा कामावरून धावत येऊन शेजारी बसायचा, कारण तो शेजारी असला की चित्र चांगलं येतं असं बाबांचं म्हणणं होतं.

एकदा तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. हॉलमधून बाबांचा आवाज आला, "हे स्वयंपाकाचं कधी लागलं? जहाजाचं चालू होतं ना?"

"जहाजाचंच चालू आहे, बाबा," बायको म्हणाली.

"कांदा चिरतोय कोणीतरी. छान बारीक चिरतोय."

त्याच वेळी त्याच्या समोरचा कांदा राखाडी झाला. कांदा, फळी, सुरीचं टोक, सगळ्यावर धूर बसावा तसं. सुरी मात्र आपल्या वेगानं खाली आली.

"अरेरे," बाबा बाहेर हळहळले, "बोट कापलं बघ त्याचं."

तो बोट नळाखाली धरून बराच वेळ उभा राहिला. कापाकापीचा आवाज बाहेर गेला असेल, कळवळलेलं ऐकू आलं असेल. पण तो कळवळला नव्हता. त्यानं बायकोला काही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी तिघंही हॉलमध्ये होते. पडद्यावर समुद्र होता. बाबा अंगठा दाबून हसत होते, आणि ते इतके सुखात दिसत होते की मुलानं समुद्र सोडून त्यांच्याकडेच बघायला सुरुवात केली.

बाबांचं हसू थांबलं.

"हा म्हातारा कोण मध्येच?"

"कुठला म्हातारा?" बायकोनं विचारलं.

"खुर्चीत बसलाय. हातात काळं काहीतरी आहे. केस पार गेलेत बिचाऱ्याचे." बाबा कौतुकानं निरखत होते. "चेहरा ओळखीचा वाटतो. आपल्या बंदरावरचा कोणी आहे का रे?"

मुलानं बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा नव्हता. खुर्चीची पाठ होती, खांदे होते, आणि त्यांच्या मधे राखाडी.

त्यानं डोळे घट्ट मिटले.

"गेला," बाबा म्हणाले. "अंधार झाला एकदम. सिग्नल गेला वाटतं."

सोमवारी सकाळी निघताना त्यानं बायकोला बाजूला घेतलं. "शाळेत जायच्या आधी रिमोटचे सेल काढून ने. संपले म्हणून सांग."

"का? किती खूश आहेत ते."

"माहीत आहे," तो म्हणाला. आपण बापाच्या ताटातला घास काढून घेतोय असं त्याला वाटत होतं. पण ज्याचे डोळे गेले त्याला लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये कोण उभं करणार, आणि मग तिघांचं घर कोण चालवणार? "काही दिवस तरी काढ. मी बघतो पुढे."

दुपारी तो एका उंच इमारतीच्या सर्वात वरच्या मजल्यावर होता. लिफ्ट तळाला नेऊन ठेवलेली, वरचं दार उघडलेलं, समोर शाफ्टचा पोकळ अंधार. सुरक्षेचा पट्टा हुकाला अडकवायचा म्हणून त्यानं तो हातात घेतला.

पट्टा राखाडी झाला. मग हुक. मग सगळंच. या वेळी कडासुद्धा उरल्या नाहीत.

पट्टा हातातून सुटला. तो पडल्याचा आवाज खूप खालून आला.

बायकोनं ऐकलं नव्हतं तर. त्यानं जागचं न हलता खिसा चाचपला, फोन काढला, आणि फोनला सांगून घरी लावला.

बाबांनी लगेच उचलला. आवाज आनंदानं भरून आलेला. "अरे, तुलाच लावणार होतो. काय सुरेख दिसतंय आज. कडेपर्यंत स्पष्ट."

"बाबा, ते बटण सोडा. आत्ता."

"कुठलं बटण? सेल तर सूनबाईनं सकाळीच काढून नेले. मला वाईट वाटलं होतं आधी." ते हसले. "पण आता नाही लागत रे ते. पलंगावर पडलोय, डोळे मिटून. तरी दिसतंय."

तो पायाखाली बघत राहिला. पायाखाली राखाडी होतं.

"काय दिसतंय, बाबा?"

"विहिरीसारखं काहीतरी आहे. खोल. वायरी लोंबतायत. आणि एक बूट, पार कडेला आलेला, अर्धा बाहेरच." बाबा क्षणभर थांबले, रंगून जाऊन बघत असल्यासारखे. "कमाल आहे या माणसाची. सरळ खालीच बघतोय, तरी पाय मागे घेत नाही."