कप्तानाच्या उजव्या हाताची खुर्ची

बंगळूरच्या गविपुरात माझ्या सासूबाईंच्या घरी जावयांच्या पंगतीचा एक नियम होता. थोरल्याच्या पानावर वाढून झाल्याशिवाय धाकट्याच्या पानावर मीठसुद्धा पडायचं नाही. मी सगळ्यांत धाकटा. मटणाचं पातेलं माझ्यापर्यंत यायचं तेव्हा त्यात रस्सा आणि सासूबाईंची दिलगिरी, एवढंच उरलेलं असायचं.

थोरले जावई म्हणजे गुंडोअण्णा. शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागं त्यांचा फर्निचरचा कारखाना होता. धिप्पाड माणूस, मिशा पॉलिश केल्यासारख्या. पहिल्या पाटावर ते असे बसायचे की जणू तो पाट त्यांच्यासह घडवला गेला होता. मधले चंद्रकांतराव एका विलायती यंत्रांच्या कंपनीत होते. आवाज बारीक, टाय जाड. बाकी मी.

अठ्ठावन्न साली कंपनीच्या साहेबाचा पाय मोडला. त्याचं विलायतेच्या बोटीचं तिकीट आधीच काढलेलं होतं, पहिल्या वर्गाचं. ते वाया जाऊ नये म्हणून कंपनीनं चंद्रकांतरावांना पाठवलं. कामाच्या गोष्टी त्यांनी परत आल्यावर एका वाक्यात संपवल्या. बोटीच्या गोष्टी मात्र संपेचनात.

"अण्णा, दारू फुकट," ते म्हणाले. "जेवणाआधी शेरी. जेवताना वाइन, माशाला पांढरी, मटणाला लाल. नंतर कोन्याक. आणि रोज रात्री कप्तानाच्या टेबलावर शँपेन. कुणी पैसे विचारत नाही. ग्लास अर्धा झाला की मागून हात येतो, भरून जातो."

गुंडोअण्णांनी आयुष्यभर रम विकत घेऊन प्यायली होती. 'फुकट' या शब्दाला त्यांच्या मिशीचं एक टोक हललेलं मी पाहिलं.

"कप्तानाच्या टेबलावर तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"तिकीट साहेबाचं ना. टेबलावर आम्ही सहाजण. म्हणजे खुर्च्या सात, पण कप्तानाच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामीच. आख्ख्या प्रवासात कुणी बसलं नाही तिथं. पण गंमत बघा अण्णा, पहिला ग्लास तिथं भरायचे! मग आम्हाला. मी वाढप्याला विचारलं, तर म्हणाला, त्या खुर्चीचे साहेब यायचे आहेत."

आम्ही हसलो. गुंडोअण्णा हसले नाहीत.

"रिकाम्या खुर्चीला फुकट शँपेन," ते हळू म्हणाले. "आणि पहिली."

माणूस माणसाचा हेवा करतो हे मी पाहिलं होतं. माणसानं खुर्चीचा हेवा केलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. हेवा मलाही वाटलाच होता, पण धाकट्या जावयाच्या हेव्याला घरात कोण विचारतो?

मुंबईत तेव्हा दारूबंदी होती. भरलेल्या बाटल्या उतरवायची चंद्रकांतरावांची छाती झाली नाही, म्हणून त्यांनी रिकाम्या आणल्या होत्या. बुचं परत बसवलेल्या, सोनेरी कागदाच्या. सासूबाईंनी त्या धुऊन ठेवल्या. आमच्याकडं नवरात्रात बाहुल्या मांडतात. लाकडी पायऱ्या रचायच्या, त्यावर पांढरं कापड, वर राजाराणी, खाली वाणी-वाणीण, हत्ती, वरात. दरवर्षी काहीतरी नवं मांडायची चढाओढ गल्लीत असायचीच. त्या वर्षी सासूबाईंनी राजाराणीच्या दोन्ही बाजूंना बोटीच्या बाटल्या उभ्या केल्या.

पायऱ्या मात्र गुंडोअण्णांच्या. तो थोरल्या जावयाचा मान. दरवर्षी ते स्वतः येऊन पायऱ्या रचायचे आणि खिशातून लेव्हल काढून प्रत्येक फळीवर ठेवायचे. पितळी कडेची लाकडी पट्टी, मध्ये काचेची नळी, नळीत पिवळसर स्पिरिट आणि एक बुडबुडा. तो मधल्या दोन रेघांत थांबला की अण्णा कानडीत म्हणायचे, "सरी," म्हणजे बरोबर, आणि चहा मागायचे.

बायका कुंकवाला येऊ लागल्या. पायऱ्यांकडं कुणी बघेना. "अय्यो, ह्याच का बोटीच्या?" मग चंद्रकांतरावांना बोलावणं, मग शेरी, वाइन, कोन्याक, रिकामी खुर्ची. अण्णा दाराच्या चौकटीला टेकून रोज ऐकायचे. त्यांना ऐकायलाच हवं असं नव्हतं. कारखाना होता, दसऱ्याची गिऱ्हाइकं होती. तरी संध्याकाळ झाली की यायचे. ऐकता ऐकता त्यांचे ओठ हलायचे. ते पुढचं वाक्य आधीच पुटपुटत होते.

अष्टमीच्या दिवशी बाटल्या वाजू लागल्या. फार नाही. एकमेकींना हलकेच लागत, थांबत, पुन्हा लागत. सासूबाई म्हणाल्या, उंदीर. मी म्हणालो, मिलचा ट्रक. ट्रक गेला असता. हे जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाण्याच्या बाहुलीसमोरची तांदळाची रास एका बाजूला सरकलेली दिसली. हत्ती कडेला आलेला. सासूबाईंनी तो मागं ढकलला. मी बसून पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं हत्ती स्वल्प पुढं आला, आणि तसाच मागं गेला.

"अण्णा, तुमच्या पायऱ्या हलतायत," चंद्रकांतराव म्हणाले. म्हणायला नको होतं.

त्या दिवशी आयुधपूजा होती. त्या दिवशी हत्यारांना हळदकुंकू लावून देवापुढं ठेवतात. करवत, रंधा, वाकस, सगळ्यांना सुट्टी. कुणी हात लावत नाही. गुंडोअण्णांनी ताटातली फुलं बाजूला केली आणि लेव्हल उचलली.

"अहो, आज नको," भाग्यलक्ष्मीअक्का म्हणाल्या. त्या अण्णांची बायको, माझी थोरली मेहुणी. "आज तिला विसावा असतो."

"माझ्या पायरीला नाव ठेवलंय," अण्णा म्हणाले.

कुंकू लावलेली लेव्हल त्यांनी वरच्या फळीवर, बाटल्यांच्या मध्ये ठेवली. बुडबुडा सावकाश डावीकडं गेला. थांबला. सावकाश उजवीकडं आला. अण्णांनी ती जमिनीवर ठेवली. तिथंही तेच. ओट्यावर ठेवली, अंगणातल्या दगडावर ठेवली. डावीकडं, थांबा, उजवीकडं. जणू कुणी घराला मांडीवर घेऊन झुलवत होतं.

बंगळूर समुद्रापासून तीन हजार फूट उंच आहे. मी शाळेत हे शिकलो होतो आणि त्या घटकेला ते स्वतःला दोनदा सांगितलं.

चंद्रकांतरावांनी हात भिंतीला लावला होता. "असंच," ते म्हणाले. "बोटीवर अगदी असंच व्हायचं."

अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. बोटीवरचं हेही आता आपल्याला मिळालं, असं काहीसं होतं.

विजयादशमीला जेवण दुपारी होतं. पाट मांडले. सासूबाईंनी पहिल्या पाटासमोर उभं राहून पदर सावरला आणि म्हणाल्या, "एवढ्या वर्षी चंद्रकांतराव बसू देत. समुद्र ओलांडून आलेत. गुंडोजी, तुम्ही घरचेच."

अक्कांच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच राहिली. चंद्रकांतराव कानापर्यंत लाल झाले. "नको नको, अण्णाच बसू देत," असं ते म्हणाले, पण तोवर ते अर्धे बसले होते.

"सरी," गुंडोअण्णा म्हणाले.

आवाजात राग नव्हता. ते हसलेसुद्धा. "बसा तुम्ही. माझी जागा धरून ठेवलीय."

आणि ते बाहुल्यांच्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं.

त्या खोलीला एकच दार, ते आमच्या पानांसमोर. एकच खिडकी, तिला गज. आत पायऱ्या, बाहुल्या आणि एक चटई. खुर्ची त्या घरात नव्हतीच.

सासूबाईंनी चंद्रकांतरावांच्या पानावर मीठ वाढलं.

आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग काचेवर काच लागल्याचा. मग काहीतरी ओतल्याचा, बारीक, फसफसता.

"विठोजी," अक्का मला म्हणाल्या, "बघा हो जरा."

मी उठलो. दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं.

गार वारा होता, खारट. त्यात कच्च्या सफरचंदासारखा वास. चंद्रकांतराव माझ्या मागं येऊन उभे राहिले, त्यांनी एकदा श्वास घेतला आणि दाराची कडी धरली.

"तीच," ते म्हणाले. "तीच शँपेन."

बाटल्या आता वाजत नव्हत्या. हत्ती जागेवर होता. लेव्हल वरच्या फळीवर होती, आणि तेवढा बुडबुडा जात होता, येत होता.

अण्णांच्या चपला बाहेर ओट्यावर तशाच होत्या. पोलिसांनी केंपांबुधीचं तळं पाहिलं, कारखान्यातले लाकडाचे ढीग उपसले. गल्लीनं आपलं मत बनवलं: अपमान झाला, निघून गेले, येतील.

अक्का मात्र कुंकू लावत राहिल्या.

पुढच्या नवरात्रात सासूबाईंनी बाटल्या मांडल्या नाहीत. पण कुंकवाला आलेल्या कुण्या बाईनं विचारलंच, आणि चंद्रकांतराव सांगू लागले. शेरी. वाइन, माशाला पांढरी, मटणाला लाल. कोन्याक.

"आणि कप्तानाच्या टेबलावर आम्ही सातजण," ते म्हणाले.

मी मान वर केली.

"सातवे म्हणजे कप्तानाच्या उजव्या हाताला बसायचे ते. आपल्याकडचेच गृहस्थ. धिप्पाड, मिशा अशा. त्यांचा मान पहिला. त्यांचा ग्लास भरल्याशिवाय आम्हाला कुणाला थेंब मिळत नसे. पितील किती! पण बसणं काय ऐटीचं."

"ती खुर्ची रिकामी होती," मी म्हणालो.

चंद्रकांतरावांनी माझ्याकडं कुतूहलानं पाहिलं. "रिकामी कशी असेल, विठोजी? मी शेजारीच बसत होतो."

ते खोटं बोलत नव्हते. चंद्रकांतरावांना खोटं बोलता येत नसे. त्यामुळंच तर ते कंपनीत मागं राहिले होते.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हात पदराला पुसत त्यांनी विचारलं, "पोटभर जेवायचे ना?"

"कोण? ते? भरपूर, अक्का."

"आणि मग कुठं उतरले?"

चंद्रकांतराव आठवू लागले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ते उतरले नाहीत," ते शेवटी म्हणाले. "आम्ही सगळे उतरलो. मी वळून बघितलं तेव्हा त्यांचा ग्लास भरत होते. त्यांनी माझ्याकडं पाहून हात केला. मला वाटतं... त्यांना उठायचं होतं."

बाहुल्यांपुढची समई कुणीतरी नीट केली. विषय बदलला.

या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली. सासूबाई गेल्या. कारखाना भाड्यानं दिला. लेव्हल माझ्याकडं असते, दिवाणखान्यातल्या कपाटावर. दोन-चार सुतारांना दाखवली. त्यांनी नळी फुटकी आहे, कपाट वाकडं आहे, असं सांगितलं आणि पुन्हा आले नाहीत. बुडबुडा चालतो. कधी संथ, कधी जोरात. पावसाळ्याच्या तोंडावर तर टोकापासून टोकापर्यंत धावतो, मग आठवड्याभरात निवळतो.

अक्का दर मंगळवारी बाजार करून येतात. पिशवी खाली ठेवतात, कुंकवाचं बोट पितळी कडेला लावतात आणि कपाटासमोर थोडं बसतात. त्यांना आता जवळचं दिसत नाही, म्हणून मला विचारतात.

"सरी आहे ना, विठोजी?"

"सरी आहे, अक्का. मस्त चाललंय."

मग त्या चहा घेतात.

गेल्या आठवड्यात बुडबुडा डावीकडं गेला. तो परत आलेला नाही. नळीच्या टोकाला जाऊन चिकटून बसलाय. पट्टी मी सगळीकडं ठेवून पाहिली, उलटी धरून पाहिली.

आज मंगळवार. फाटकाची कडी वाजतेय.