वरवंडचा ताप

दौंडच्या रुग्णालयातून फोन आला. वरवंडची मोनाली गेली होती. हिरड्यांतून सुरू झालेलं रक्त थांबलंच नाही.

जिल्ह्याच्या साथरोग पथकातल्या डॉक्टर करुणानं गाडी वरवंडकडे घेतली. मोनालीच्या आधी वरवंडचाच माऊली असा गेला होता. त्याच्याही आधी वरवंडच्या बाजाराला येणारा, शिरूरकडच्या तळेगाव ढमढेऱ्याचा शेळ्यांचा व्यापारी रहीम. डेंगी नाही, मलेरिया नाही. प्रत्येक तपासणीनं हात वर केले होते.

शेवटी पुण्याच्या प्रयोगशाळेनं तिघांच्या रक्तातलं सगळं जनुकीय साहित्य वाचून काढलं, आणि त्या ढिगाऱ्यातून विषाणू सापडला होता. काँगो ताप. जनावरांवरच्या गोचिडांतून माणसात येणारा.

वरवंडनं निकाल देऊन टाकला होता. रोग रहीमच्या शेळ्यांनी आणला. त्याच्या भावाला, अफताबला, बाजारात टेम्पो उभा करू देत नव्हते. गावचे जुने डॉक्टर बाळासो यांचंही तेच मत. त्यांनी करुणाला चहा पाजला आणि सांगितलं की रहीम आपल्या दवाखान्याची पायरी कधी चढला नाही. बिचारा वरवंडातून निघाला तेव्हाच फणफणला होता, असंही ते म्हणाले.

पण मोनाली कुरकुंभच्या औषध कंपनीत पॅकिंगला होती. घरी ना शेळी, ना म्हैस. माऊली मोबाइल दुरुस्त करायचा. त्यांना गोचीड चावला कुठं?

करुणा मोनालीच्या आईपुढे, धुरपदाबाईंपुढे बसली. आजवर सगळ्यांनी तापानंतरचंच विचारलं होतं.

"मावशी, ताप यायच्या आधी तिला काही होत होतं?"

"कंबर धरली व्हती. उभ्यानं ड्युटी करायची."

"मग?"

"बाळासो डाक्टरांची सुई घेतली. चार रोज बरं वाटलं. मग ताप."

माऊलीच्या घरीही तेच ऐकायला मिळालं. गुडघा मुरगळला, सुई घेतली, मग ताप.

करुणा तळेगावला गेली. रहीमची बायको सुगराबी म्हणाली, ते घरी आले तेव्हा दंडाला कापूस होता. वरवंडात सुई टोचून घेतली, म्हणाले. अंग फार दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी करुणा पोलिसांना घेऊन बाळासोंच्या दवाखान्यात शिरली.

"डॉक्टर, रानातल्या गोचिडांमधला विषाणू जागोजागी थोडा बदललेला असतो," ती म्हणाली. "तिघांना तीन गोचीड चावले असते तर तो फरक दिसला असता. तिघांचा विषाणू जवळजवळ अक्षरन् अक्षर एक आहे. रहीमभाईंना गोचीड चावला, हे खरं. पुढं तो रक्तातून रक्तात गेला. तुमच्या हातून."

"रहीम माझ्याकडं आला न्हाई."

"मग तो निघताना फणफणला होता, हे तुम्हाला कसं कळलं? अंगाला हात कुणी लावला होता?"

बाळासोंनी ट्रेमधली सिरिंज उचलून टेबलावर ठेवली.

"सुई बदलत व्हतो मी," ते म्हणाले. "सिरिंज तीच. तीच पुन्हा औषधाच्या मोठ्या बाटलीत."

"कधी उमगलं?"

"माऊली गेला तवा."

"तेव्हा मोनाली नुकतीच तापानं पडली होती. एक फोन केला असता तर तिला वेळेत औषध मिळालं असतं."

"गाव शेळ्यांचं नाव घेत व्हतं," बाळासो म्हणाले. "मी न्हाई म्हणालो न्हाई, एवढंच."

पोलिसांनी त्यांना गाडीत बसवलं, बाटल्या जप्त केल्या, दाराला सील लावलं. बाहेर आलेल्या माणसांना करुणाचा राग आला होता. पायरीवर बसलेले म्हस्कूआबा सदऱ्याची बाही वर सारून थांबले होते.

"बाई, मग आता सुई कोन देनार?"

"आबा, याआधी कधी घेतली होती?"

"झाला की आठवडा. पन गुन न्हाई आला. आंग मोडून आलंय."

करुणानं पिशवीतून हातमोजे काढले, चढवले, आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मग दौंडला फोन लावून रुग्णवाहिका मागवली.