लंगडी कापिवारा गोड का झाली

"बावीस वर्षं या शहराचं खाणंपिणं तपासतोय. माझी जीभ म्हणजे प्रयोगशाळा आहे," असं म्हणत आरोग्य निरीक्षक अन्सेल्मो वोझ्निआकने 'लंगडी कापिवारा' बिअरची, लेबलावर लंगडणारी डुकराएवढी घूस असलेली, दुसरी बाटली संपवली. "किंचित गोडसर आहे. फर्मास."

ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या त्या बारमध्ये आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऑफिसातून होता.

"साहेब, लंगडी कापिवारा बिअर गोड लागतेय म्हणून सकाळपासून सहा तक्रारी आल्यात. बाटल्या जप्त करायच्यात. आणि साहेब, चाखू नका."

अन्सेल्मोच्या तोंडचं पाणी पळालं. गोड बिअर म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टाक्या गार ठेवणारं कूलंट झिरपून आत शिरलं की बिअर गोड लागते. पिणाऱ्याला एकदोन दिवस काही होत नाही. मग लघवी बंद होते. मग माणूस.

बाटल्यांचा निकाल प्रयोगशाळा मंगळवारी सांगणार. आज शुक्रवार.

मागे धाडकन आवाज झाला. अन्सेल्मो टेबलाखाली गेला. फळीवरची एक बाटली फुटली होती.

"सकाळपासून तिसरी," बारवाला फडकं घेऊन आला. "सगळ्या कापिवाराच्याच. साहेब, बाहेर या."

अन्सेल्मो बाहेर आला आणि आधी संडासात गेला. लघवी झाली. त्याने मनातल्या मनात हात जोडले आणि गाडी काढली.

कारखाना गावाबाहेर होता, दोरिव्हाल शेर्नेकचा. टाक्या आठ, बिअरचे ब्रँड बारा. बारापैकी एकाही ब्रँडवाल्याकडे स्वतःचं साधं घमेलं नव्हतं. कृती त्यांची, टाकी दोरिव्हालची. तिथे त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं: टाकीवरची नावाची चिकटपट्टी. ती मात्र जो तो स्वतःच्या हाताने लावायचा, बारशाला नाव ठेवावं तशी.

आत तिघं होती. लंगडी कापिवाराचा मालक जिल्मार तेसेरोली माल्टच्या पोत्यावर बसला होता. दोरिव्हाल दुकानातून आणलेलं बाटलीबंद पाणी घटाघटा पीत होता. 'सोनेरी काकू' या ब्रँडची मालकीण इव्होनेत बासानी आपल्या पिंपाला टेकून ग्लासातली बिअर पीत उभी होती.

"साहेब, तुम्ही प्यालात?" जिल्मारने विचारलं.

"दोन."

"मी चार." जिल्मार रडायला लागला.

अन्सेल्मो त्याच्या कानाशी वाकला. "लघवी होतेय?"

"आत्ताच झाली."

"मलाही." दोघांना एकमेकांबद्दल सख्ख्या भावासारखं वाटलं.

"कुणी मरत नाही हो," इव्होनेत म्हणाली. तिने पिंपाची तोटी सोडून ग्लास पुन्हा भरला. "पुरुषाची जात, आणि रडता काय."

अन्सेल्मोने वही काढली. ती पोत्यावर टेकवली.

"दोरिव्हाल, कूलंट कुठून कुठे जातं?"

"एकच पाइप, साहेब. आठही टाक्यांना."

"जिल्मार, तुझी बिअर टाकीत कधी गेली?"

"एकवीस दिवस झाले. बायकोच्या वाढदिवशी. ते भांडण अजून चालू आहे."

"आणि बाटल्या कधी भरल्या?"

"परवा, बुधवारी," दोरिव्हाल म्हणाला. "फेस आवरेना. पोरं नुसती न्हाऊन निघाली."

"कुठल्या टाकीतून?"

"पाच. ती बघा, कापिवाराची पट्टी."

"तुझी वही दाखव."

वहीत लिहिलं होतं: टाकी तीन, एकवीस दिवस, तापमान एक अंश. टाकी पाच, गेल्या शुक्रवारी भरली, एकोणीस अंश.

"यात नावं कुठायत?"

"नावं पट्टीवर असतात ना. मी नंबर बघून गारवा लावतो, भरणारी पोरं पट्टी बघून भरतात."

"दोन्ही कोण बघतं?"

दोरिव्हालने पाण्याचा घोट घेतला. "तसं कुणी नाही."

अन्सेल्मो संडासात जाऊन आला. परत आला तो वही मिटूनच.

"जिल्मार, रडू नकोस. बिअरमध्ये कूलंट नाही. कूलंटने बाटली फुटत नाही. बाटली फुटते ती आतलं यीस्ट जिवंत असलं आणि खायला साखर उरली असली की. पाच दिवसांची कच्ची बिअर. गोड लागणारच, फेस काढणारच. तुझी मुरलेली बिअर तीन नंबरात होती. कुणीतरी तीन आणि पाचच्या पट्ट्या बदलल्या."

"कुणी?"

"तीनमधली बिअर ज्याच्या पिंपात गेली त्याने. काकू, तीनवर कुणाची पट्टी आहे?"

इव्होनेतने ग्लास खाली ठेवला. "माझी. म्हणून काय झालं? पट्टी कुणीही हलवेल."

"हलवेल. पण बघा, सगळ्या टाक्यांना पाइप एकच. इथला मालक स्वतःच्या कारखान्यातला थेंब तोंडाला लावत नाही. तुम्ही मात्र त्याच पाइपावर गार झालेली बिअर मजेत पिताय. आम्हा तिघांची बोबडी वळलीय आणि तुम्हाला भीतीच नाही. बिअर गोड का झाली, हे ठाऊक असलेला माणूसच इतका निवांत असतो."

तिने पिंपाची तोटी घट्ट बंद केली. मग म्हणाली, "उद्या बिअरच्या मेळ्यात स्पर्धा आहे. माझी बिअर मुरायला अजून पंधरा दिवस. वाटलं, याच्या गिऱ्हाइकांना जरा गोड लागेल, शिव्या देतील, विसरतील. मरणाला भितील असं कुठे वाटलं होतं?"

"काकू, मी बायकोला मृत्युपत्र कुठे ठेवलंय ते सांगून आलो," जिल्मार म्हणाला.

आणि अन्सेल्मोला हसू फुटलं. दुपारपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. तो तोंड उघडून, पोट धरून हसत सुटला.

दोरिव्हाललाही जोर चढला. "मग? माझा पाइप म्हणजे पोलाद आहे," म्हणत त्याने पाइपाच्या सांध्यावर थाप मारली.

सांधा निखळला. कूलंटची चिळकांडी माणसाच्या तोंडाच्या उंचीवर सुटली. अन्सेल्मो समोरच उभा होता आणि अजून हसत होता.