तुइलोमाच्या गुडघ्याचं प्रकरण

गावप्रमुख तुइलोमा रक्त ओकला, ही बातमी आली तेव्हा निवृत्त सार्जंट लेमालू आपला सुजलेला गुडघा उशीवर ठेवून पडला होता. निवृत्तीनंतर त्याचा हाच मुख्य उद्योग होता.

गाव म्हणत होतं, घात वैदूबाई मातिले त्याला गुडघ्यासाठी द्यायची त्या पाल्याने केला. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी गावसभा निकाल देणार होती. निकाल म्हणजे म्हातारीने घरादारासकट गाव सोडायचं. चौकशी लेमालूच्या गळ्यात पडली.

तो उठला. त्याला वेळ लागला.

"काय देत होतीस त्याला?" त्याने मातिलेच्या दारात जाऊन विचारलं.

"मातालाफीचा पाला चुरून काढलेला रस," मातिले म्हणाली. "तुला देते तोच."

"शिळा?"

"रोज ताजा. रविवारी पाल्याला हात लावत नाही, म्हणून त्या दिवशी कुणालाच नाही."

"मला रविवारी फार ठणकतं. आणि एरवीही उतार हळूच पडतो."

"पाला आहे तो, बाबा, पुढारी नव्हे. एका रात्रीत सगळं बरं करतो असं तो म्हणत नाही."

इस्पितळात तुइलोमा हाताला नळी लावून रुबाबात पडला होता.

"दुखण्यावर गोळ्या घेतल्या?"

"मी? गोळ्या बायका खातात. डॉक्टर म्हणतो, पोटात व्रण आहे. असेल."

"पाल्याने आराम होता?"

"विचारू नकोस. रविवारीसुद्धा गुडघ्याची कुरकुर नाही. चर्चमध्ये सगळी स्तोत्रं उभ्याने म्हटली."

"खाण्यात काय?"

"तारोचे कंद, मासे. घरात सगळे खातात तेच. कोको तेवढा माझ्या एकट्याचा, फियासिलीच्या हातचा. हल्ली साखर फार घालते. म्हातारपणी लाड सुचलेत तिला."

तुइलोमाची बायको फियासिली घरी खांबाला टेकून बसली होती.

"त्या म्हातारीला हाकला, सार्जंट. दुसरं काय विचारायचंय?"

"दमलेल्या दिसता, बाई."

"आता तरी बरं आहे. पूर्वी रात्रभर त्याचं कण्हणं ऐकायचं."

सभेत लेमालूला पाय दुमडून बसवेना. त्याने पाय पसरला आणि सभेपुढे उघडा पाय करू नये या रितीपोटी वर चटई ओढली.

"पाल्याने आराम पडत होता, तर रविवारी गुडघा दुखायला हवा होता," तो म्हणाला. "माझा दुखतो. तुइलोमाचा दुखला नाही. म्हणजे दुसरं काहीतरी रोज पोटात जात होतं. तारो-मासे सगळ्यांनी खाल्ले, सगळे धडधाकट आहेत. उरला कोको. त्यात साखर वाढली, कारण काहीतरी कडू लपवायचं होतं. सुजेवरच्या गोळ्या कडू असतात, आणि मापाबाहेर गेल्या की पोटात व्रण करतात. डॉक्टरला मी कळवून आलोय. कोको कोण करतं, तेवढं तुम्ही सांगा."

सगळ्यांच्या माना फियासिलीकडे वळल्या.

"ऑकलंडहून लेकीने पाठवल्या होत्या," फियासिली म्हणाली. "हा मेला तरी गोळी घेणार नाही. एक घातली, तो झोपला, मीही झोपले. मग दोन घातल्या. वाटलं, श्रेय पाल्याला जाऊ दे."

"आणि दोषही?"

"घाबरले."

पहाटे फियासिली मातिलेच्या दारासमोर बसली, डोक्यावरून घरातली सर्वांत तलम चटई घेऊन. म्हातारीने चटई उचलली तरच माफी. सगळा गाव बघायला जमला. मातिले शांतपणे पाला खुडायला गेली. ऊन वर आल्यावर परतली आणि तिने चटई उचलली.

फियासिली बसल्याबसल्या गाढ झोपली होती.

मातिलेने तिला आडवी केली, चटईची घडी तिच्या डोक्याखाली सरकवली आणि गावाकडे वळली.

"आवाज करू नका," ती म्हणाली.