सावलीतली जागा

नलिनीबाई ढोक पडद्यावर पुन्हा एकदा गेल्या. चिंचेच्या चौकात त्या पदपथावरून खाली उतरल्या, हातातली भाजीची पिशवी सावरली, आणि उजवीकडून आलेल्या बर्फाच्या टेम्पोनं त्यांना उडवलं. डॉ. ऋजुता वझलवारनं चित्र थांबवलं.

"आता टेम्पोचा जादा वेग काढून टाकते," ती म्हणाली.

या खेपेस टेम्पो शहाण्यासारखा आला. नलिनीबाई रस्ता ओलांडून पलीकडे पोहोचल्या आणि आपल्या वाटेनं निघून गेल्या. त्यांना असं चालत जाताना बघणं ऋजुताला दरवेळी जड जाई. यंत्र मात्र मजेत होतं. त्यानं खाली निकाल लिहिला : कारण – टेम्पो.

नागपूरच्या रस्त्यांवर डांबराखाली कंपनतंतू अंथरल्यापासून कोणतं चाक, कोणतं पाऊल कुठून किती वेगानं गेलं, याची नोंद जमिनीतच होत असे. त्या नोंदींवरून शहराची कोणतीही सकाळ जशीच्या तशी पुन्हा उभी करणारं यंत्र म्हणजे प्रतिगणक. ते ऋजुतानं बांधलं होतं आणि न्यायालयाच्या आवारातच त्याची प्रयोगशाळा होती. एका गाडीचा जादा वेग काढायचा आणि सकाळ परत चालवायची. अपघात टळला, तर ती गाडी अपघाताचं कारण, आणि चालकाला तुरुंग. नाही टळला, तर नुसता अतिवेग, म्हणजे दंड भरा आणि घरी जा.

समोर बसलेल्या ॲडव्होकेट यमुना गावंडे टेम्पोवाल्याच्या वकील. त्यांचं काही समाधान झालेलं दिसत नव्हतं.

"डॉक्टर, साखळीत आधीची गाडी सापडली, तर कायदा पहिल्या दुव्याला धरतो ना?"

"हो. ते कलम माझ्याच शिफारशीवरून आलंय."

"मग शोधलात पहिला दुवा?"

"शोधला. नाही सापडला."

"सगळ्या गाड्यांत?"

"मिटलेल्या सोडून."

गावंडेबाईंनी भुवया उंचावल्या. ऋजुतानं समजावलं, "ज्यानं स्वतः धडक दिलेली नाही, त्याला वेगाची नोटीस नुसती मोबाइलवर येते. 'मान्य'वर अंगठा ठेवला की दंड कापला जातो, प्रकरण मिटतं. 'अमान्य' म्हटलं तर न्यायालयात यायचं, आणि मग ती गाडी इथं तपासली जाते. मान्य करणाऱ्याला त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा धरता येत नाही. म्हणून त्याच्या गाडीला प्रतिगणक हात लावत नाही. गणित आटोपशीर होतं."

"म्हणजे अंगठा टेकवून मोकळे झाले ते झाले. दोष शोधायचा तो उरलेल्यांत!"

ही सोय ऋजुतानंच केली होती, आणि आजवर ती तिला हुशारीची वाटत होती.

"मिटलेल्या गाड्याही एकदा उघडून बघा," गावंडेबाई उठत म्हणाल्या. "कोर्टात त्याचा उपयोग नाही, ठाऊक आहे मला. मालकानं स्वतः मान्यता मागे घेतली तरच ते पुराव्यात येईल."

"निकालापर्यंत घेता येते मागे. पण आजवर एकानंही घेतलेली नाही. कोण घेईल?"

"तरी बघा. आज दुपारी निकाल आहे."

बाहेर व्हरांड्यात प्रल्हाद सहारे उभा होता. बर्फाची गाडी चालवणारा, चाळिशीचा, दोन्ही हात अदबीनं पुढे धरलेले. ऋजुता पाणी प्यायला बाहेर आली तशी तो पुढं झाला.

"मॅडम, मी जोरात होतो. ते काही नाकारून नाही राहिलो. बर्फ वितळून राहिला होता, लग्नघरचे फोनावर फोन. पण सिग्नल माझा हिरवा होता. बाई माझ्याच्यानंच गेली का, तेवढं खरं सांगा. मले रात्रभर झोप नाही लागत."

"बघते," एवढंच म्हणून ती आत आली.

तिनं मिटलेल्या गाड्या उघडल्या. प्रतिगणक एकेकीचा वेग काढून ती सकाळ परत परत चालवू लागला. नलिनीबाई जात राहिल्या. ऋजुता पंख्याखाली बसून घाम पुसत होती. मग एका खेपेस टेम्पो तसाच भरधाव आला आणि नलिनीबाई मात्र पदपथावरच उभ्या राहिल्या. टेम्पो गेला, पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागला, त्या शांतपणे पलीकडे गेल्या.

ऋजुतानं साखळी मागे ओढत नेली. आधीच्या टाकीच्या चौकात एक पांढरी मोटार दिवा लाल होता होता भरधाव आली होती. ती थांबू शकणार नाही हे ओळखून तिथल्या स्वयंचलित सिग्नलनं हिरवा दिवा लांबवला. टक्कर टाळायला तो तसाच बनवलेला होता. त्या उशिराची भरपाई पुढच्या, चिंचेच्या चौकातल्या सिग्नलनं केली, आणि पादचाऱ्यांची एक पाळी गाळली. उन्हात ताटकळलेल्या नलिनीबाईंना वाटलं, दिवा बिघडला असावा. त्या तशाच उतरल्या.

पांढऱ्या मोटारीचा क्रमांक वाचायची गरज नव्हती. तरी तिनं तो वाचला. तो तिचाच होता.

तिला ती सकाळ आठवली. घाई कसली होती? न्यायालयाच्या आवारात एकच कडुनिंब आहे, आणि मे महिन्यात त्याच्या सावलीत गाडी लावायला सगळ्यांची झुंबड असते. त्या दिवशी तिला जागा मिळाली होती. नोटीस आली तेव्हा ती चहा गाळत होती. न वाचताच तिनं अंगठा टेकवला होता. एका बाईचा जीव गेला होता आणि ती संध्याकाळी गार गाडीत बसून खुशीत घरी गेली होती.

दार उघडून गावंडेबाई डोकावल्या. मागे सहारे होता. "काही सापडलं?"

ऋजुतानं पडदा बंद केला. "नाही," ती म्हणाली. शब्द किती सहज निघाला, याचं तिलाच भय वाटलं.

गावंडेबाईंनी मान खाली घातली. सहारेनं हात जोडले.

"म्हणजे मीच. बरं झालं मॅडम, खरं समजलं. आता शिक्षा भोगीन. तुम्ही एवढा वेळ दिला, उपकार झाले."

तो जिना उतरून गेला. त्याचे जोडलेले हात ऋजुताच्या डोळ्यांपुढून हलेनात. लाज वाटणं सोपं होतं, तेवढ्यानं सहारेची सुटका होणार नव्हती. गावंडेबाईंना खरं सांगूनही होणार नव्हती, कारण तिचं प्रकरण मिटलं होतं. गुन्हा कबूल करूनच तर ती सुटली होती! सहारेला वाचवायचं, तर तिची गाडी तपासात यायला हवी होती, आणि त्याला एकच वाट होती.

ती जवळजवळ धावतच तळमजल्यावरच्या खिडकीपाशी गेली.

"मला मान्यता मागे घ्यायची आहे."

खिडकीतल्या कारकुनानं चष्मा वर केला. त्याच्या अख्ख्या नोकरीत असं कुणी म्हटलं नव्हतं. "मॅडम, दंड भरला, विषय संपला. उगाच नस्तं लचांड कशाला मागं लावून घेता? यंत्रात गाडी गेली, की काय निघेल सांगता येत नाही."

"मला सांगता येतं."

"बरं, कारण काय लिहू?"

ऋजुतानं बाहेर पाहिलं. आजही तिची गाडी कडुनिंबाखालीच होती.

"लिहा," ती म्हणाली, "मला गुन्हा मान्य नाही."

कारकून हसला. "कोर्टात सगळे असंच म्हणतात, मॅडम."