अबोल शाहीर

डनेडिनच्या त्या चढावर माणसं घसरायची, हे आम्हाला सवयीचं होतं. पण त्या शनिवारी माझ्या पायांशी घरंगळत आले ते चक्क फासे होते!

१९९१ सालचा जून, म्हणजे न्यूझीलंडमधला ऐन हिवाळा. दुपार झाली तरी सावलीतलं दहिवर विरघळलं नव्हतं. मी चढ चढत होते आणि वरून टप्... टप्... टप्... रंगीबेरंगी फासे उड्या मारत येत होते. त्यांच्यामागे एक उंच, तांबूस केसांचा मुलगा, हातात फाटकी पिशवी घेऊन धावत होता.

"तो हिरवा! हिरवा पकड ना, प्लीज—"

मी तो हिरवा, वीस बाजूंचा फासा बुटाखाली दाबला.

"किती पडले?" त्यानं धापा टाकत विचारलं.

मी बूट उचलून पाहिलं. "एकोणीस."

"गेला वाया!" तो मनापासून हळहळला. "चांगला आकडा माझ्या वाट्याला असा गटाराच्या काठावरच येतो."

मला हसूच फुटलं. आणि आम्हा दोघांना एकाच जिन्यानं वर जायचंय हे कळल्यावर तर... तोही हसला. त्याचं नाव फर्गस, माझं लॉर्ना.

सायकलच्या दुकानावरची ती खोली! मर्व्ह आमचा सूत्रधार. पंचेचाळिशीचा पोस्टमन, पण गोष्ट सांगायला लागला की हातातला चहा गार व्हायचा. तो गोष्ट रचायचा, आम्ही तिच्यातली पात्रं व्हायचो. आपलं पात्र काय करतंय ते आपण सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं. मी होते ओरिएल, घरातून पळालेली सरदारकन्या. हिने नावाची माझी मैत्रीण आडदांड योद्धा झाली होती. आणि फर्गसनं घेतला शाहीर... दगडाला पाझर फोडणारा गोडबोल्या शाहीर!

पहिल्याच दिवशी खेळात वेशीवर पहारेकऱ्यानं अडवलं.

"मी त्याला पटवतो," फर्गस म्हणाला आणि फासा टाकला. "सोळा."

"अरे, पण बोललास काय?" मी विचारलं.

"जे बोललो ते सोळाच्या तोडीचं होतं."

"ही काय बोलायची रीत झाली? नुसते आकडे! मग घरी बसून लुडोच खेळ की."

"हिनेचा योद्धा शिळा उचलतो," तो शांतपणे म्हणाला, "तेव्हा तिला हे टेबल उचलून दाखव म्हणतेस का? मग माझ्या शाहिराला गोड बोलायचं असलं, तर मीच का गोड बोलायचं? तुला बोलता येतं म्हणून तू दर वेळी जिंकतेस. ज्याला येत नाही त्यानं काय करायचं?"

"शिकायचं," मी फटकन म्हणाले.

मर्व्ह मिशीत हसला. "भांडा, भांडा. पहारेकऱ्याला झोप लागली तोवर."

आमचं हे भांडण दर शनिवारी ठरलेलं. पण भांडता भांडता काहीतरी वेगळंच चाललं होतं... मी ओरिएल होऊन बोलायला लागले की तो हनुवटीखाली मूठ ठेवून ऐकत राहायचा. खोलीत हीटर एकच. मी यायच्या आत माझी खुर्ची हीटरजवळ सरकवलेली असायची. कुणी सरकवली, ते कुणी बोलायचं नाही. हिने मात्र मला कोपरानं ढोसायची.

"ओरिएलबाई, शाहीर तुमच्याकडे बघतोय हो."

"बघू दे. बोलत तर नाही ना!"

सप्टेंबर आला. नाटकवाल्यांच्या एका फिरत्या मंडळीत माझी निवड झाली. पुढच्या महिन्यात निघायचं होतं, दीड वर्षासाठी. मी सगळ्यांना हसत हसत सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फर्गसनंही. फक्त जरा उशिरा.

त्याच दुपारी खेळात ओरिएलला फाशीची शिक्षा झाली. दरबारात तिच्या बाजूनं बोलायला उरला होता एकटा शाहीर. फर्गसचा हात फाशाकडे गेला.

"आज तरी बोल!" मी म्हणाले. "माझा जीव जातोय आणि तू फासे काय टाकतोस?"

तो उठला. तोंड उघडलं... मिटलं. कानापर्यंत लाल झाला. आणि मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! मी छातीवर हात ठेवून त्याच्या आवाजात म्हणाले, "महाराज... अकरा! महाराणी... साडेबारा!"

सगळे खो खो हसले. फर्गस हसला नाही. त्यानं फासा टाकला. वीस! वर्षातून एकदा पडावा तसा.

"सुटली ओरिएल," मर्व्ह हळूच म्हणाला.

फर्गसनं जाकीट उचललं आणि जिना उतरून गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"जा की," हिने म्हणाली. "सेंट क्लेअरला, किनाऱ्यावर, त्याच्या आईचं चहाचं दुकान आहे. का मीच टाकू फासा तुझ्यासाठी?"

बुधवारी बसनं गेले. समुद्र खवळलेला, गारा तडतडत होत्या. दुकानात गिऱ्हाईक कुणी नव्हतं. फर्गस गल्ल्यामागे पावाच्या कापांवर चीज पसरून त्यांच्या सुरळ्या करत होता. मला पाहिलं आणि सुरी थांबली.

मी गुडघ्यात वाकून, ओरिएलच्या ठसक्यात सुरू केलं, "हे शाहीरश्रेष्ठा, एक अपराधी सरदारकन्या तुझ्या दारी—"

"ओरिएलला घरी पाठव," तो म्हणाला.

"काय?"

"तीन महिने मी तिचंच ऐकतोय. फार छान बोलते ती. पण मी यायचो ते लॉर्नासाठी. तिचा आवाज मी एकदाच ऐकला. त्या चढावर. 'एकोणीस' म्हणाली होती."

मी उभीच. बोलायला तोंड उघडलं तर... काहीच नाही. एक शब्द नाही! राणीचा आवाज होता माझ्याकडे, चेटकिणीचा होता, आता फर्गसचाही होता. माझा कुठं ठेवला होता मी? तो फाशांमागे दडायचा म्हणून मी त्याला चिडवत होते आणि स्वतः मात्र...

"बोलू नकोस मग," तो सुरीकडे बघत म्हणाला. "मीच बोलतो. मला... म्हणजे... तू आवडतेस. तू जाणार हे ऐकलं तेव्हा मी उशिरा टाळ्या वाजवल्या. हात उचलतच नव्हते. बस. एवढंच आहे. छान नाहीये, माहितीये मला."

याहून छान बोलणं मी आजवर रंगमंचावरही ऐकलेलं नाही.

"मी... सोमवारी जाते," मी म्हणाले. आवाज चिरका, माझ्याच ओळखीचा नसलेला. "तुला हसले ते... वाईट केलं मी. फार वाईट. आणि मला जायचं नाहीये. म्हणजे, जायचंय. पण म्हणजे... तू पत्र लिहिशील? मी पण... अरे देवा, मला येतच नाहीये हे!"

डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही. फर्गस गल्ल्याला वळसा घालून आला. हात चीजनं माखलेले, म्हणून मनगटांनीच त्यानं माझे खांदे धरले.

"किती वाईट बोलतेस गं," तो हळूच म्हणाला.

"हो ना..."

"थांबू नकोस. बोल पुढं."

आणि मी बोलत राहिले, शेवटची बस निघून गेली तरी. सोमवारी मी गेले. दीड वर्षात त्याची एकाहत्तर पत्रं आली, सगळी खाडाखोडीनं भरलेली. परत आले त्या दिवशी स्टेशनवर तो एकटाच उभा होता. काहीतरी पाठ करून आला होता बिचारा. पहिल्याच वाक्याला अडखळला... आणि मी त्याला पूर्ण करू दिलंच नाही.